डब्यांखालची थरथर

दौलत घाटगे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी कोल्हापुरात, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खाटेवर गेला. दुपारचं जेवण झालं होतं, तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला होता, आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन तो जो झोपला तो झोपलाच. असं जायचं हे त्याने तरुणपणीच ठरवून ठेवलं होतं. "टेस्ट पायलटनं खाटेवर मरायचं असतं, बाई," तो मला म्हणायचा. "तेच त्याचं खरं सर्टिफिकेट."

ते त्याला मिळालं याचं मला अजून नवल वाटतं. या माणसाने तीनशे बारा वेळा मुद्दाम, ठरवून, चांगलं उडत असलेलं विमान आकाशात स्टॉल केलं होतं. आकडा माझ्या तोंडपाठ आहे, कारण त्या प्रत्येक वेळी मी खाली जमिनीवर त्याची वाट पाहत बसलेली असे.

स्टॉल म्हटलं की लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं. तसं नसतं. चालत्या मोटारीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून पाहा. हात आडवा धरला की वारा त्याच्या वरून-खालून सरळ निघून जातो. पुढची कड जरा उचलली की हात आपोआप वर ओढला जातो. आणखी उचलली की आणखी वर. पण एका मर्यादेपलीकडे उचलला, तर हात वर जायचं सोडून मागे फेकला जातो. विमानाच्या पंखाचंही तसंच. कोन वाढत गेला की पंखाच्या पाठीला धरून वाहणारी हवा एका क्षणी पाठ सोडते. इंजिन व्यवस्थित गुरगुरत असतं आणि विमान मात्र दगडासारखं खाली येतं. दोन्ही पंखांवरची हवा एकदम सुटली तर बरं. एका बाजूची आधी सुटली, तर विमान त्या अंगाला कलंडून गिरक्या घेऊ लागतं. जमिनीपासून फार वर नसाल तर मग बोलायला कोणी उरत नाही.

यातून सुटायची युक्ती सोपी आहे आणि माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. पडत असताना विमानाचं नाक आणखी खाली घालायचं. मग हवा पुन्हा पंखाला धरते. घाबरलेला माणूस नाक वर ओढायला जातो, आणि तिथेच संपतो.

आमचा कारखाना माणदेशातल्या एका माळावर होता. एका हौशी मालकाने काढलेला, पत्र्याच्या तीन शेडचा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मी तिथे लागले. गणितात एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची मुलगी, त्या माळावर एकटीच बाई. आम्ही दोन माणसांचं एक शिकाऊ विमान करत होतो, त्याचं नाव चंडोल. दौलत हवाई दलातून आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मिशीला पीळ देणारा. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं की घरात लोकर आहे का. मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्याला खरंच हवी होती. आईने माझ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची उरलेली लाल लोकर मी नेली. तिचे बोटभर तुकडे करून आम्ही चंडोलच्या डाव्या पंखावर ओळीने चिकटवले. हवा नीट वाहत असली की सगळे दोरे शिस्तीत मागे वळतात. हवा सुटू लागली की नाचायला लागतात, उलटे उभे राहतात. दौलत विमान चालवता चालवता मान वळवून ते दोरे बघायचा. "तुमच्या आईची लोकर लई गुणी," खाली उतरल्यावर तो म्हणाला. "पडायच्या आधी सांगून पडती."

दोऱ्यांशिवाय आणखी एक सांगणारं होतं. चंडोल स्टॉल होण्याच्या थोडं आधी थरथरायचा. पंखाच्या मुळापाशी हवा आधी सुटायची, ती विस्कटलेली हवा मागे शेपटीवर आदळायची आणि हातातली स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, कापायला लागायची. चौदा अंशांच्या कोनाला थरथर सुरू, सोळा अंशांना स्टॉल. मधले दोन अंश म्हणजे पायलटचं आयुष्य. विमानातल्या यंत्रात कागदाचा लांब रोल फिरायचा आणि चार पेनं त्यावर रेघा ओढायची. थरथर सुरू झाली की रेघांना दाते फुटायचे, करवतीसारखे. दौलत उतरला की आधी चहा घ्यायचा, मग रोल उलगडून त्या दात्यांच्या शेजारी पेन्सिलने आपले शेरे लिहायचा. हाताला काय जाणवलं ते.

त्या रोलवरून रिपोर्टसाठी पक्के आलेख काढायचं काम माझं होतं. ट्रेसिंग पेपर, काळी शाई, वळणं काढायची फ्रेंच कर्व्ह. माझी रेघ फार सुंदर होती, हे आता ऐंशी उलटल्यावर सांगायला लाजत नाही. डायरेक्टरसाहेबांना ते करवतीचे दाते आवडायचे नाहीत. दिल्लीहून तपासणीला येणाऱ्यांना वाटेल की आपलं यंत्रच खराब आहे, असं त्यांचं म्हणणं. मी दात्यांच्या मधोमध एक स्वच्छ वळणदार रेघ काढू लागले. सोळा अंशांपर्यंत चढत जाणारी आणि तिथून खाली उतरणारी. मलाही ती जास्त आवडायची, हे खरं.

दौलतने पहिला रिपोर्ट पाहिला तेव्हा बराच वेळ पानं उलटत बसला.

"बाई, माझी थरथर कुठं गेली?"

मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. बास झालं की."

तेव्हा ते बासही होतं. चंडोल एकूण नऊच बनले, पाच-सहा वर्षांत कारखाना बंद पडला. रद्दीवाल्याच्या गाडीवर चाललेले रोल मी साताऱ्याला घरी आणले. त्यात भावना वगैरे फारशी नव्हती. कागद जाड आणि पाठकोरा होता, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाला डब्यांखाली घालायला तसा कागद मिळत नाही. मी शाळेत गणित शिकवू लागले. दौलत वर्षातून एकदा सहकुटुंब यायचा, माझ्या यजमानांशी बुद्धिबळ हरायचा आणि जाताना माझ्याकडून मेतकूट न्यायचा. त्या मेतकुटाच्या डब्याखाली कोणता कागद आहे ते त्याने कधी पाहिलं नाही.

आता इतक्या वर्षांनी त्याच माळावर पुन्हा विमानं उडतात. जुन्या मालकाच्या नातवांनी नवी कंपनी काढली आहे. त्यांचं विमान एकोणीस माणसांचं, विजेवर चालणारं, शाळेच्या मैदानाएवढ्या धावपट्टीवर उतरणारं. नाव टिटवी. पंखाचा आकार त्यांनी चंडोलवरूनच घेतला, फक्त मोठा केला. आणि तिची टेस्ट पायलट म्हणजे दौलतची नात, शाल्मली. एकतीस वर्षांची, आजोबांसारखीच रुंद कपाळाची. मिशीची उणीव ती बोलण्याने भरून काढते.

गेल्या वर्षी ती मला न्यायला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "टिपणीस आजी, चांगली साडी नेस. तुझा सत्कार आहे. मला सांगू नको म्हणाले होते, म्हणून सांगते आहे."

हँगरमध्ये टिटवी उभी होती. मी तिच्या पंखावरून हात फिरवला आणि मला माझी लोकर आठवली. पंखाच्या पाठीवर नखाएवढ्या पातळ पट्ट्या होत्या, ओळीने, हजारोंनी. त्यांना ते पिसं म्हणत. पंखाच्या मुख्य इंजिनिअरने, तन्मय केळुसकर त्याचं नाव, मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. उतरताना कावळ्याच्या पंखावरची बारकी पिसं उभी राहिलेली आपण पाहतो. कावळा ती उभी करत नाही, सुटू लागलेली हवाच त्यांना उचलते, आणि उचललेली पिसं सुटणारी हवा अडवून धरतात. टिटवीचं प्रत्येक पीस आधी हवेचा दाब मोजतं. सगळी मोजमापं संगणकाच्या एका मेंदूकडे जातात. हवा कुठे सुटणार आहे हे त्या मेंदूला आधी कळतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात तो तिथली पिसं उचलतो. हवा सुटतच नाही.

"म्हणजे ही स्टॉल होणारच नाही?" मी विचारलं.

"वीस अंशांपर्यंत नाही," तो म्हणाला. "आत्तापर्यंत बारा अंशांपर्यंत गेलोय. उद्या सकाळी साडेसहाला शाल्मली वीसला नेईल."

मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, माझा अठ्ठ्याऐंशी सालचा वेणी घातलेला फोटो भिंतीवर मोठा करून लावलेला. भाषणात तन्मयने सांगितलं की या मेंदूला शिकवायला खऱ्या स्टॉलची खरी नोंद हवी होती. अशा आकाराच्या पंखाच्या इतक्या नोंदी जगात कुठे मिळत नव्हत्या, आणि अचानक जुन्या कपाटात तीनशे बारा उड्डाणांचे रिपोर्ट मिळाले. पडद्यावर माझी रेघ आली. काळी, वळणदार, सोळा अंशांना हळूच खाली उतरणारी. खाली लिहिलं होतं, टिपणीस रेषा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. ते लपवत नाही.

टाळ्या संपल्या तेव्हा मला त्या रेघेत नसलेले दाते आठवले.

जेवायच्या टेबलावर मी तन्मयला सहज विचारावं तसं विचारलं, की पिसं थरथरायला लागली तर मेंदू काय करतो. त्याने श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. म्हणाला, थरथर म्हणजे सेन्सर बिघडल्याची खूण, मेंदू ते पीस ताबडतोब बंद करतो. मी म्हटलं, पण थरथर खरी असली तर?

"खरी असती तर तुमच्या नोंदीत दिसली असती ना, आजी? तीनशे बारांपैकी एकातही नाही. चाचणीच्या बोगद्यात मॉडेल ठेवून वारा सोडला तेव्हा जरा थरथरलं होतं. पण तो मॉडेल धरणाऱ्या दांड्याचा दोष होता. तुमच्या नोंदींमुळेच कळलं."

मी पुरी तोडली आणि तशीच ताटात ठेवली. चौदा अंशांना टिटवी थरथरणार. एकेक पीस खरं सांगू लागणार आणि खरं सांगितलं म्हणून मेंदू त्याला गप्प करणार. कधी डाव्या पंखावरचं, कधी उजव्या. नेमकी हवी तेव्हा शेकडो पिसं बंद, आणि दोन्ही बाजूंची सारखी नाहीत. गिरकी घ्यायला याहून चांगली तयारी कोणी मुद्दाम करून केली नसती.

मला ठाऊक होतं, दौलतला ठाऊक होतं. त्यातला एक गेला होता.

तरी मी लगेच बोलले नाही. अंगावर शाल होती. भिंतीवर माझी वेणी होती. समोर दोन मुली येऊन म्हणत होत्या की तुमच्यामुळे आम्ही इंजिनिअरिंगला आलो. मनात येत होतं, एवढं जुनं कोणाला नीट आठवतं, थरथर इतकी नसेलही. आइस्क्रीम आलं, तेही मी खाल्लं. मग टेबलापलीकडे शाल्मलीने कुणाच्या तरी विनोदावर मान मागे टाकून हसताना दौलतसारखा टेबलावर पंजा आपटला, आणि मी चमचा खाली ठेवला.

मी तिला म्हटलं, मला घरी सोड, आत्ता. तिला वाटलं बरं नाही. गाडीत बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. फ्रेंच कर्व्हपासून आइस्क्रीमपर्यंत.

"म्हणजे तू खोटं लिहिलंस?" ती म्हणाली.

"खोटं नाही गं. फेअर केलं."

"आजी, उद्या ते फेअर मी उडवणार होते."

मग तिनेच विचारलं की पुरावा काय. नुसत्या आठवणीवर तन्मय उड्डाण थांबवणार नाही. म्हातारीला चढलेल्या उन्हाचा परिणाम, असं म्हणेल. मी म्हटलं, पुरावा डाळींखाली आहे.

दुपारी तीनला आम्ही दोघींनी माझं फडताळ रिकामं केलं. तूरडाळ, मूग, पोहे, साबुदाणा, मेतकूट, सगळे डबे ओट्यावर आणि ओट्यावर मावेनात तेव्हा जमिनीवर. शाल्मली स्टुलावर चढून कागद सोडवत होती आणि शिंकत होती. काही कागदांना बुरशी लागली होती, एकाला झुरळांनी खाल्लं होतं. पण तळच्या दोन खणांतले धडधाकट होते. तिने पहिला कागद उलटा केला आणि फरशीवर पसरला. चार रेघा सरळ चालत येत होत्या आणि मग एकदम त्यांना दाते फुटले होते. हळदीचा एक गोल डाग होता, त्याच्याही आरपार ते दिसत होते. दात्यांच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

शाल्मलीने गुडघ्यावर बसून वाचलं. "चौदा अंश. स्टिक कापते. हातात मुंग्या. इथं शहाण्या माणसानं परत फिरावं. मी पुढे जातो, मला पगार त्याचा आहे. दौ. घा."

ती हसली. मग तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, आणि ओढणीला हळद लागलेली असल्यामुळे डोळे आणखी चुरचुरले. मी तिला तोंडावर पाणी मारायला लावलं.

असे एकेचाळीस कागद निघाले. पीठ झटकून, गुंडाळी करून आम्ही ते सातच्या आत परत माळावर नेले. तन्मयने पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग खुर्चीत बसला. मालकांना बोलावलं. हँगरमध्ये पंचवीस-तीस माणसं जमली. त्यातच जेवणाच्या वेळच्या त्या दोन मुली होत्या. मला दौलतचं ते नाक खाली घालणं आठवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की ही रेघ सुंदर आहे पण ती विमानाची नाही, माझी आहे. विमानाची रेघ या कागदावर आहे. ती मी पुसली, कारण मला सांगितलं गेलं, आणि कारण मला तशीच आवडली.

मग तन्मय म्हणाला, "आजी, तुम्ही हे कागद अजून कसे जपलेत?"

"जपले नाहीत रे," मी म्हटलं. "वर डबे ठेवले."

तिथे पहिल्यांदा कोणी तरी हसलं, आणि मग बरेच जण.

उड्डाण साडेतीन महिने पुढे गेलं. मालकांना ते जड गेलं, एक-दोन महिने ते माझा फोन उचलत नव्हते. भिंतीवरचा फोटो राहिला, खालचं टिपणीस रेषा हे नाव काढलं. मेंदूला नव्याने शिकवलं गेलं, या वेळी दौलतच्या दात्यांवरून. थरथर म्हणजे बिघाड नव्हे, थरथर म्हणजे हवा जायची तयारी करते आहे, हे त्याला कळेपर्यंत तन्मयने दाढी केली नाही.

एका गोष्टीवरून मात्र शाल्मली आणि तन्मयचं चांगलंच वाजलं. नव्याने शिकलेला मेंदू थरथर सुरू व्हायच्या आधीच पिसं उचलून ती मिटवून टाकत होता. तन्मयला तो विजय वाटत होता. शाल्मलीचं म्हणणं, मग मला कसं कळणार मी कुठपर्यंत आले आहे? उद्या मेंदू बंद पडला तर मी आधीच विसाव्या अंशावर असेन आणि हाताला पत्ता नसेल. तन्मय म्हणाला, पडद्यावर आकडा दिसेल. ती म्हणाली, घाबरलेला माणूस आकडा वाचत नाही. शेवटी पंखाच्या मुळाशी हातभर जागा बिनपिसांची ठेवायचं ठरलं. तिथली हवा सुटेल, शेपटीवर आदळेल, स्टिक कापेल. प्रवाशांचा चहा सांडू नये, एवढी तन्मयची अट. माझ्याच्याने राहवलं नाही. मी दोघांना सांगितलं की दौलत असता तर म्हणाला असता, चहा सांडू दे, पायलट सांडू नये.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ऊन नुकतं माळावर आलेलं असताना, टिटवी वर गेली. खाली पडद्यांवर सगळे आकडे आपोआप उमटत होते. पण शाल्मलीने मला बजावून ठेवलं होतं की तू कागद-पेन्सिल घेऊन बस, आजोबांच्या वेळी बसायचीस तशी. मी बसले. रेडिओवर तिचा आवाज येत होता. दहा. अकरा. बारा. मी रेघ ओढत होते. तेरा. मग ती थांबली. तन्मयने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"चौदा," ती म्हणाली. "आली. मुंग्या येतात. आजी, अगदी लिहिलंय तश्शी येते."

आणि ती पुढे गेली. पंधरा, सोळा, सतरा. जिथे चंडोल पडायचा तिथे टिटवी पिसं फुलवून हवेत टेकून राहिली. वीसला तिने नाक खाली घातलं आणि हसत परत फिरली. हँगरमध्ये कोणी शिट्टी वाजवली. मालकांनी माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात.

उतरल्यावर शाल्मलीने हेल्मेट काखेत धरूनच माझा कागद पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या रेघेला दाते होते. चौदा अंशांच्या आधीही.

"आजी, ही थरथर टिटवीची की तुझी?"

"चौदाच्या पुढची दोघींची," मी म्हटलं. "मागची माझी एकटीची. ऐंशीनंतर येते."

"फेअर करणार?"

"नाही."

तिने खाली पेन्सिलने काहीतरी लिहिलं, शा. घा. अशी सही केली आणि कागद मला परत दिला. तन्मय तो संग्रहासाठी मागत होता, काचेत लावतो म्हणाला. मी दिला नाही. घरी आणला, आणि मेतकुटाच्या डब्याखाली घातला. तिथे कागद टिकतो, याची आमच्याकडे खात्रीशीर नोंद आहे.